पडदाभर एक ठिपका

‘आवाज येतोय, पण चित्र गेलं. मधोमध नुसती पांढरी रेघ आहे,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की टीव्हीचा सेट उघडण्याआधीच कळायचं, बहुतेक व्हर्टिकल आयसी उडालाय. पहिलं काम ब्राइटनेस उतरवायचं, नाहीतर तेवढ्या पट्टीतला फॉस्फर कायमचा जळतो. पण मला तो बिघाड आवडायचा. पिक्चर ट्यूब नेमकं काय करते हे चांगल्या चाललेल्या सेटपेक्षा त्या रेघेतच उघड दिसतं. काचेवर चित्र नसतंच. असतो तो एक धावता ठिपका.

ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेत गन असते. फिलामेंट तापलं की कॅथोडवरच्या बेरियम-स्ट्रॉन्शियम ऑक्साइडच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. पडद्याच्या बाजूला, 21 इंची रंगीत सेटमध्ये, साधारण 25 हजार व्होल्ट त्यांना ओढायला बसलेले असतात. त्या ओढीने ते सेकंदाला सुमारे 90 हजार किलोमीटर वेगाने फॉस्फरवर आदळतात आणि तिथे उजेड पडतो. एवढं व्होल्टेज बनवतो तो एलओटी. सेट बंद केला तरी ते लगेच जात नाही, कारण काचेच्या आतबाहेर ग्रॅफाइटचा लेप असल्याने ट्यूब स्वतःच कपॅसिटर होऊन बसते. अ‍ॅनोड कॅपला हात लावण्याआधी ट्यूब डिस्चार्ज करायची, हा दुकानात नव्या पोराला दिलेला पहिला धडा. ज्याने तो ऐकला नाही त्याला ट्यूबनेच शिकवला.

मानेवर योक असतो, तांब्याच्या वेटोळ्यांचे दोन जोड. एक जोड ठिपक्याला आडवा पळवतो, दुसरा वरून खाली उतरवतो. आपल्या 625 ओळींच्या पद्धतीत एका ओळीला 64 मायक्रोसेकंद मिळतात, त्यातले 12 मागे फिरण्यात जातात. उरलेल्या 52 मध्ये ठिपका जवळजवळ 40 सेंटिमीटरचा पडदा ओलांडतो, म्हणजे सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त. आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. अशी सेकंदाला 50 अर्धी, म्हणजे 25 पूर्ण चित्रं. सेकंदाला 15,625 ओळींच्या या धावपळीची एक बारीक शिट्टी वाजते. आमच्याकडची पोरं बाहेरूनच ती ऐकून सेट चालू आहे म्हणायची. माझ्या कानांनी ती कधीच सोडली. व्हर्टिकल आयसी उडून खाली उतरवणारा जोड बंद पडला की ठिपका एकाच ओळीवर येरझारा घालतो. तीच गिऱ्हाइकाची पांढरी रेघ.

रंगीत ट्यूबमध्ये तीन गन. लाल गनचे इलेक्ट्रॉन फक्त लाल फॉस्फरवर पडावेत म्हणून पडद्यामागे भोकाभोकांचा पातळ पोलादी पत्रा असतो, शॅडो मास्क. अमेरिकेत आरसीए कंपनीने 1950 साली ही ट्यूब दाखवली. आपल्या दूरदर्शनवर रंग आला 1982 मध्ये. सुमारे ऐंशी टक्के इलेक्ट्रॉन मास्कवरच अडतात आणि त्याला नुसतं तापवतात. इतकी उधळी रचना दुसरी पाहिली नाही, आणि इतकी नेमकीही. पत्र्यात चुंबकत्व शिरलं की मात्र तिन्ही वाटा ढळतात आणि कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग पडतो. हौशीने टीव्हीला चिकटवून ठेवलेले मोठे स्पीकर हे त्याचं नेहमीचं कारण. सेट चालू करताना ‘भुंऽऽ’ असा आवाज यायचा तो हे चुंबकत्व झाडून काढणाऱ्या डीगॉसिंग कॉइलचा.

चालू टीव्हीचा फोटो फार कमी एक्स्पोजरवर काढा: एक पट्टा उजळ, बाकी पडदा अंधारा. खालची ओळ उजळेपर्यंत वरची विझत आलेली असते. पूर्ण चित्र जुळतं ते बघणाऱ्याच्या डोळ्यात.

बदकं मारायच्या व्हिडिओ गेमची बंदूक या ठिपक्याच्याच हिशेबावर चालायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर त्याच क्षणी उजेड शोधतो. ट्यूबवर सिग्नल आला की ठिपका उजळलाच. एलईडी टीव्ही मात्र आलेलं चित्र आधी साठवतो, सारखं करतो, मग दाखवतो. चौकोन येईपर्यंत सेन्सरची वेळ संपलेली असते. माळ्यावरून काढलेली ती बंदूक अजूनही कोणीतरी दुरुस्तीला आणतं. मी ती गेमसकट दुकानातल्या जुन्या चौदा इंचीला जोडतो. पहिल्या चापाला बदक पडतं.