जुन्या चपलेचा बेडूक

मोहगावास आम्ही आजवर गेलो ते अर्धनारीश्वराच्या दर्शनासाठी. गेल्या कार्तिकात गेलो तेव्हाही हेतू तोच होता, परंतु दर्शन आटोपून परतत असता मागून "गुरुजी!" अशी हाक आली, आणि पुढचे तीन तास आम्ही एका फाटक्या हवाई चपलेसमोर बसून काढले. त्याची ही हकीकत.

आमच्या या मुलखाची ओळख दूरच्या वाचकांस करून द्यावी लागते. १९५६ साली प्रांतरचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली त्याच छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला व सौसर तालुका त्यात आला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि घरातली मराठी मात्र जागच्या जागी आहे. मोहगाव हे सौसरजवळचे. नाव मोहाच्या झाडावरून पडले असावे, असा आमचा तर्क.

हाक मारणारा आमचा जुना विद्यार्थी. २००३ च्या सुमारास आम्ही शेजारच्या एका गावी शिक्षक होतो, तेव्हा हा आठवीत होता. आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. एकदा त्याच्या दप्तरातून पत्र्याची कंपासपेटी निघाली. तीत कंपास नव्हताच, होते ते गळ, कोंबडीची पिसे आणि चपलेचे कापलेले तुकडे. आम्ही ती पेटी सर्व वर्गादेखत खिडकीतून बाहेर भिरकावली. त्याचे वडील त्या वर्षी अंथरुणास खिळले होते, आणि घरातली संध्याकाळची भाजी बहुधा त्या पेटीतूनच येत होती, हे आम्हांस पुढे कळले. तोवर त्याने शाळा सोडली होती. त्याने हाक मारताच आम्हांस प्रथम ती पेटी आठवली.

त्याने घरी नेले, चहा दिला. ओसरीवर त्याचे काम मांडलेले होते. झिजलेल्या चपलेच्या तळव्यातून त्याने धारदार पात्याने चिंचोक्याहून थोडा मोठा तुकडा कापला. पाते पाण्यात बुडवून घेतले की काप स्वच्छ येतो, असे तो म्हणाला. तुकड्याच्या पोटास एक चीर दिली. गळाच्या दांडीवर आधी दोऱ्याचे वेढे घातले, कारण गुळगुळीत दांडीवर फोम गरगर फिरतो. मग चिरेत सायकलचे पंक्चर काढण्याचे सोल्यूशन भरून दांडी आत बसविली. पांढरा डिंक पाण्यात सुटतो, हे सोल्यूशन सुटत नाही. सायकलच्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या म्हणजे बेडकाचे पाय. शेवटी दोऱ्याची गाठ आणि तीवर घरातल्या नेलपॉलिशचा एक थेंब.

दोरा आवळण्याची खुबी निराळीच. आम्ही हौसेने एक करावयास घेतला आणि दोऱ्याने फोम मधोमध कापला गेला. तो हसला नाही. "पयले दोन वेढे ढिले ठेवा जी गुरुजी," तो म्हणाला, "लय ओढसान तर धागा फोमाले कापते." विद्यार्थ्याकडून शिकताना आमची बोटे आखडली होती, हे कबूल केले पाहिजे.

लहान मासळीसाठी तो नाकतोडा करतो. फळांच्या पेटीत येणाऱ्या फोमच्या जाळीची पट्टी गळावर दुमडायची, तीन ठिकाणी बांधायची, की किड्याच्या अंगाची पेरे दिसू लागतात. भांडी घासण्याचा स्पंज मात्र निरुपयोगी. त्याची छिद्रे एकमेकांत उघडतात, म्हणून तो पाणी पितो आणि बुडतो. चपलेच्या फोममधली हवेची घरे एकेकटी बंद असतात, म्हणून ती कापली तरी तरंगते. आठवीच्या वर्गात 'घनता' हा धडा आम्ही कितीदा शिकविला असेल! चप्पल एकदाही हाती घेतली नाही.

हा उद्योग फार जुना आहे. रोमन साम्राज्याच्या काळातील ग्रंथकार एलियन याने मॅसिडोनियातील कोळी गळावर लाल लोकर गुंडाळून व कोंबड्याची दोन पिसे बांधून खोटी माशी करीत, असे नोंदविले आहे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ११२९ च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठीचे अभ्यासक तो ग्रंथ उघडतात ते महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गात, या उल्लेखासाठी. आम्हीही एम. ए. ला तेवढेच वाचून ग्रंथ मिटला होता.

उन्हे कलल्यावर त्याच्या मुलासह आम्ही देवळापासून चांगले दूर, एका तळ्यावर गेलो. मुलगा हिंदी शाळेत जातो. तो बोट दाखवून "मेंढक" म्हणाला आणि "बेडूक म्हणावे, बाळ" असे आमच्या तोंडून सवयीने निघून गेले. बांबूची काठी, तिच्याएवढाच लांब तंगूस, टोकाला तो निळा-पांढरा बेडूक. तो पाणवेलीच्या कडेस अलगद टाकायचा, थांबायचे, मग दोन बोटे ओढायचे. मरळ हवा घेण्यास वर येते. पाण्यावर बुडबुडा फुटला की ती कोठे आहे हे कळते. तिसऱ्या खेपेस पाणी एकदम उसळले आणि हातभर मरळ काठावर आली.

पावसाळ्यात मात्र तो मरळीस हात लावत नाही. सोळा जून ते पंधरा ऑगस्ट नद्यांत मासेमारीस बंदी असतेच. पण त्याचे कारण निराळे. मरळीचे नर-मादी आपल्या तांबूस पिलांच्या थव्याची राखण करतात, आणि जवळ येईल त्यावर, खोट्या बेडकावरही, तुटून पडतात. त्या वेळी त्यांना धरणे सर्वांत सोपे. "मायबाप उचलले तर पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात जी," तो म्हणाला. गळाचा उलटा काटाही त्याने पकडीने चेपून टाकला आहे, म्हणजे लहान मासा न फाटता सुटतो.

परत निघताना आम्ही धीर करून त्या पेटीचा विषय काढला. तो क्षणभर गप्प राहिला. मग खिशातून गळांचा डबा काढून त्याने आमच्यापुढे धरला. एका कोपऱ्यावर चेपलेली, रंग उडालेली तीच कंपासपेटी.

"त्याच दिवशी सांजच्याले शोधली जी," तो म्हणाला. "दोन गळ नाही सापडले."