शिडीची शेवटची पायरी

आमच्या बुद्धिबळ मंडळात आम्ही शिडी लावली ती मोठ्या उत्साहाने. चर्चच्या सभागृहामागील खोलीत दर रविवारी सायंकाळी पंधरा-वीस जण पट मांडून बसत आणि कोण कोणापेक्षा सरस, या वादात खेळापेक्षा अधिक वेळ घालवीत. तेव्हा आम्ही एका फळीवर वीस खिळे ठोकले व नावांच्या चिठ्ठ्या त्यांवर ओळीने टांगल्या. आपल्या वरच्या तिघांपैकी कोणासही आव्हान द्यावे. जिंकल्यास त्याची पायरी घ्यावी, मधल्यांनी एकेक पायरी खाली यावे. हरल्यास होते तेथेच राहावे. चिठ्ठ्या हलविण्याचा मान चिटणीस या नात्याने आमच्याकडे होता आणि खरे सांगायचे तर तो आम्हांस आवडतही होता.

पहिले दोन महिने खोलीत उभे राहावयास जागा नसे. मग शिडीने आपला स्वभाव दाखविला. वरच्या पायरीवर बसलेल्यास जिंकून मिळवावयाचे काही नसते, हरण्याचे भय मात्र असते. पहिल्या क्रमांकाच्या गुरुजींची दाढ नेमकी रविवारी दुखू लागली. पंधरा दिवसांत आव्हान न स्वीकारल्यास पायरी जाईल, असा नियम आम्ही जोडला. तेव्हा चौदाव्या दिवशी घाईने एक डाव उरकण्याची रीत पडली. खेळासाठी लावलेल्या शिडीने खेळच आटविला.

तरीही आमचे डोळे उघडले ते तळाच्या माणसामुळे. विसाव्या खिळ्यावरचे गृहस्थ प्रथमपासून तेथेच होते. त्यांना आव्हान देणारा खाली कोणी नव्हता आणि वरचे तिघे त्यांचे आव्हान लांबवीत. ते बहुधा इतरांचे डाव पाहत उभे असत. एका रविवारी आम्ही कुलूप लावीत असता ते थांबले. म्हणाले, "सर, माझं नाव तेवढं फळीवरून काढाल का? खेळायला मी येईनच. पण आमची धाकटी आता वाचायला लागली आहे."

ती फळी आम्ही दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्यास दिसेल अशी लावली होती.

त्यानंतर आम्ही प्रा. अर्पाद एलो यांची गुणांकनपद्धती समजून घेतली. हंगेरीत जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेत मिलवॉकी येथील येशूसंघीयांच्या मार्क्वेट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांची पद्धती अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने 1960 मध्ये व जागतिक महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली. तिचे मर्म साधे आहे. समोरचा किती बलवान आहे हे पाहून आपणाकडून किती अपेक्षा ठेवावी, हे आधी ठरते. अपेक्षेहून चांगले खेळलात तर गुण वाढतात. दोघांत 200 गुणांचे अंतर असेल, तर वरचढाने शंभर डावांत सुमारे 76 गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. म्हणून आमच्या हिशेबात, एका डावाचे 32 धरता, तो जिंकला तर त्यास केवळ 8 गुण मिळतात. दुबळा जिंकला तर त्यास 24. नुसती बरोबरी साधली तरी दुबळ्यास 8 मिळतात.

ही पद्धतीही निर्दोष नाही. मिळालेले गुण जपण्यासाठी न खेळण्याचा रोग तीतही आहे. गुरुजींची दाढ अजून अधूनमधून दुखते. परंतु आता तळाच्या माणसाशी खेळणे कोणास वाया जात नाही आणि जोड्या लावताना तुल्यबळ शोधणे सोपे जाते. क्रमवारीचा खरा उपयोग एवढाच असावा, असे आम्हांस वाटते. फळी आम्ही काढून टाकली. गुणांची वही कपाटात असते. मागेल त्यास दाखवितो.

पावसाळा संपता संपता त्या गृहस्थांनी आपल्याहून 200 गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूशी बरोबरी साधली. आम्ही त्यांच्या नावापुढे 8 गुण मांडले. ते घुटमळले, मग म्हणाले, "सर, ही वही एक रात्र घरी नेऊ का?"

पुढच्या रविवारी त्यांनी ती आठवणीने परत आणली.