दाताची साक्ष आणि पोथीची साक्ष

"माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?" आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत हेच बोलले. असे काही पाहिल्याचे पूर्वजांनी सांगितले नाही, लिहिले नाही, म्हणून डार्विन चूक! ही तर्कपद्धती आम्हाला चांगली परिचयाची आहे. कोण मुखातून जन्मला आणि कोण पायातून, हेही पोथीनेच ठरवले होते. तेही कोणी पाहिले नव्हते.

मित्रांनो, न पाहिलेले कसे तपासतात ते पाहा. १९३५ साली फॉन कोनिग्सवाल्ड या जीवाश्मतज्ज्ञाला हाँगकाँगच्या एका चिनी औषधांच्या दुकानात एक प्रचंड दाढ मिळाली. अशी दाढ 'ड्रॅगनचा दात' म्हणून कुटून औषधात घालत. त्या प्राण्याला नाव मिळाले जायगँटोपिथेकस. पुढे दात हजारोंनी सापडले, चार जबडे सापडले. कवटी मात्र नाही. मग हा कोणाचा नातलग? वायडनराइख या नामवंत शास्त्रज्ञाने तर त्याला माणसाच्या पूर्वजांत बसवले. नुसत्या आकारावरून वाद मिटेना.

दक्षिण चीनच्या दमट उष्णतेत डीएनए टिकत नाही. पण दाताचे एनॅमल हा शरीरातला सर्वात कठीण पदार्थ. त्याच्या स्फटिकांत प्रथिनांचे तुकडे अडकून राहतात. २०१९ मध्ये फ्रिडो वेल्कर आणि सहकाऱ्यांनी ग्वांगशी प्रांतातल्या गुहेतल्या सुमारे १९ लाख वर्षे जुन्या दाढेतून हे तुकडे काढले, अमिनो आम्लांचा क्रम वाचला आणि माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या क्रमाशी ताडून पाहिला. सर्वात जवळचा निघाला ओरांगउटान. दोघांच्या वाटा सुमारे १ कोटी ते १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या.

आपल्याकडच्या शिवालिक टेकड्यांतला 'रामापिथेकस' आठवतो? नावातच राम. १९६० च्या दशकात तो माणसाचा आद्य पूर्वज म्हणून गाजला. १९६७ मध्ये सॅरिच आणि विल्सन यांनी जिवंत प्राण्यांच्या रक्तातली प्रथिने तपासून सांगितले की माणूस आणि चिंपांझी जेमतेम ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. मग इतका जुना रामापिथेकस माणसाच्या वाटेवर बसेल कसा? जीवाश्मवाले चिडले. पण पुढे चेहऱ्याची हाडे मिळाली, ती ओरांगउटानकडे झुकणारी. रामापिथेकसचा मोठा पुरस्कर्ता पिल्बीम, त्यानेच मत बदलले. मत बदलणारा शंकराचार्य आमच्या तरी पाहण्यात नाही.

आता थोडे घरचे. "अमक्यांचा डीएनए परदेशी, आम्ही मूळचे" असे संदेश आपलेच तरुण रोज पुढे ढकलतात. आम्हाला हे पटत नाही. रिस्लेने नाके मोजून जातींना वंश चिकटवले होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांच्या मापांचेच आकडे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. अस्पृश्यतेचे मूळ त्यांनी रक्तात शोधले नाही, इतिहासात शोधले. मग आपण पुन्हा रक्ताकडे का वळायचे? ब्राह्मण्याशी भांडायला परकेपणाचा पुरावा लागत नाही.

एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला आहे. आम्ही तो आमच्या वर्गात घेतो. पुढच्या रविवारी त्याच्या जोडीला 'द अनटचेबल्स'मधले नाकांच्या मापांचे प्रकरण आहे. ते वाचून या, आणि वाद घालायला या.