लेकराच्या मनाची नोंद

मंडळी, पर्जन्यमापकातलं एका दिवसाचं पाणी पाहून कुणी सालाचा पाऊस सांगत नाही. राहुरी, परभणी, अकोल्याला शिकायला धाडलेल्या पोरांचं मात्र आपण दिवाळीला एकदा तोंड पाहतो आणि "वाळलास रे" म्हणून मोकळे होतो.

मनाची नोंद ठेवायचीही रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली १९९८ सालापासून चालत आली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत होतं का, अंगात हुशारी होती का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात गोडी होती का? प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला चारानं गुणलं की शंभरापैकी आकडा मिळतो. पन्नासाच्या खाली गेला तर डॉक्टरांकडे चौकशी करावी.

माझ्या मते आकड्यापेक्षा उतार पाहावा. समजा, जुलैत ७६ होते, डिसेंबरात ५६. पन्नासाच्या वरच, पण वीस गुण गळाले! दहाचा फरकही जाणकार दखल घेण्याजोगा मानतात. परीक्षेच्या तोंडावर आकडा पडू शकतो. म्हणून नोंद ठरल्या अंतरानं, वर्षभर हवी.

वही मात्र पोराचीच असू द्या. बापानं गुण मागितले की पोरगं पंचवीसपैकी पंचवीसच सांगणार! त्यातून घरी पीक बुडालेलं असलं तर विचारूच नका. तुम्ही फोनवर निकालाआधी एवढंच विचारा, झोप लागते का रे? उत्तर अडखळलं तर एसटी धरून भेटून या. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी फोन २०२२ पासून आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.