हात लागतो तिथे संगमरवर

सिडकोतला वन बीएचके भाड्याने घेतला. डिपॉझिट भरून हातात उरले अठरा हजार. एवढ्यात घर कसं सजवायचं, याचं उत्तर गावातच सापडलं: ज्याला 'गरिबांचा ताज' म्हणून हिणवतात, त्या बीबीच्या मकबऱ्यात.

दिलरास बानू बेगमच्या या कबरीचा खर्च ६,६८,२०३ रुपये झाला, असं सांगतात. ताजमहालाचा त्याच्या कित्येक पट. त्यामुळे इथे संगमरवर आहे तो भिंतींच्या खालच्या पट्ट्यात आणि वर घुमटाला. मधलं बांधकाम काळ्या दगडाचं. त्यावर घोटून गुळगुळीत केलेला गिलावा आणि नक्षी. म्हणजे पैसा लागला तो हात लागतो तिथे आणि लांबून दिसतं तिथे.

मीही तोच हिशोब केला. रोज पाठ टेकते ती गादी आणि कामाची खुर्ची चांगली घेतली. दारातून पहिल्यांदा दिसणाऱ्या भिंतीवर हिमरूची शाल लावली. हिमरूसुद्धा महागड्या किनखाबाला पर्याय म्हणून सूत-रेशमात विणलेलं कापड. बाकी पडदे आईच्या जुन्या साड्यांचे, पुस्तकं विटा-फळ्यांवर.

"सोफा कधी घेणार?" हे विचारतातच. पण मकबऱ्याने शिकवलंय, कमी पैशांतलं सगळंच नकली नसतं. तोवर पाहुणे सतरंजीवर बसतात, आणि उठायची घाई करत नाहीत.