मुळांना आधी हवा

निंबर्गा, ता. आळंद, जि. कलबुर्गी

चि. सोनूस,

तुझ्या ऑर्किडचा फोटो मोठा करून नीट पाहिला. पानं सुरकुतली आहेत, कळ्या उमलायच्या आधीच गळल्या आहेत आणि पाणी तर तू रोज घालतेस. दुखणं पानांत नाही, कुंडीच्या आत आहे. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही आणि ओल्या कुंडीत उभं राहूनही ते तहानेनं सुकतं. सुकलेली पानं पाहून माणूस आणखी पाणी ओततो आणि उरलीसुरली मुळंही जातात. हे झाड रानात कसं राहतं ते आधी सांगते. काय करायचं ते त्यातच आहे.

तुझं झाड फॅलेनॉप्सिस. आजच्या संकरित फॅलेनॉप्सिसच्या पूर्वजांपैकी एक जाती जावा बेटावरची. लिनियसनं 1753 मध्ये तिला एपिडेंड्रम अमाबिले म्हटलं. पुढे जावात काम करणाऱ्या कार्ल लुडविग ब्लूम यांनी 1825 मध्ये तिच्यासाठी फॅलेनॉप्सिस ही वेगळी प्रजाती केली. हेच ब्लूम नंतर, तू राहतेस त्या नेदरलँड्समधल्या लायडनच्या सरकारी वनस्पतिसंग्रहाचे प्रमुख झाले.

हे झाड जमिनीत उगवतच नाही. मोठ्या झाडाच्या सालीला धरून ते वाढतं. बांडगुळासारखं ते त्या झाडाचा रस पीत नाही, फक्त आधार घेतं. मुळं निम्मी उघडी, हवेत लोंबणारी. पाऊस येतो, मुळं चिंब होतात, आणि थोड्याच वेळात वारा ती सुकवून टाकतो. या मुळांवर मेलेल्या, पोकळ पेशींचं जाड आवरण असतं. आपल्या ज्वारीच्या ताटाच्या आतल्या भेंडासारखं ते पाणी पटकन शोषून धरून ठेवतं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी दिसतं. भिजलं की आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा. उजेड मिळाला तर ही मुळंसुद्धा थोडं अन्न तयार करतात. सतत ओल राहिली तर हवा कोंडते आणि ते आवरण आतून सडतं.

असं जगणारी झाडं आपल्याकडेही आहेत. दख्खनच्या कोरड्या रानात आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या खोडावर व्हांडा टेसेलाटा सापडते. पुष्कळ ठिकाणचे वैद्य तिला रास्ना म्हणून वापरतात. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, पण जाड पानं आणि दोरखंडाएवढी मुळं यांच्या जोरावर ती तगते. सह्याद्रीत सीतेची वेणी म्हणतात ती ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसाही याच कुळातली. आसामात बिहूच्या दिवसांत बायका ती केसांत माळतात.

या सीतेच्या वेणीचं चित्र तुझ्या देशात छापलं गेलं, हे तुला ठाऊक असावं असं मला फार वाटतं. मलबारचे डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे यांनी हॉर्टस मलाबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅमला छापला. बाराव्या खंडात हे फूल 'अंजेली मरवर' या मल्याळी नावानं आहे. त्या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांच्या बरोबरीनं रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचा कोकणी दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेला आहे. लायडनच्या एखाद्या ग्रंथालयात तो खंड बघायला मिळाला तर जरूर बघ.

एवढं ज्ञान छापलेलं असूनही एकोणिसाव्या शतकात युरोपनं लाखो ऑर्किडं मारली. 1830 च्या सुमारास जॉन लिंडली यांच्यासारख्या मोठ्या जाणकारानंही भरपूर उष्णता, गर्द सावली आणि भरपूर दमटपणा असा सल्ला दिला होता. बागवान काचघरं कोंदट ठेवत आणि झाडं कुजत. इंग्लंड ही उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडांची स्मशानभूमी आहे, असं क्यू उद्यानाच्या हूकरांच्या नावावर सांगितलं जातं. इंग्लंडातल्याच चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरात वारा खेळता ठेवला, गरम आणि थंड देशांतल्या झाडांसाठी वेगवेगळं तापमान राखलं, तेव्हा झाडं जगू लागली.

आता तुझ्या कुंडीकडे. झाड बाहेर काढ, मुळं कोमट पाण्यात थोडा वेळ भिजू दे आणि जुनं शेवाळ सोडव. दुकानातल्या झाडात बऱ्याचदा मधोमध शेवाळाचा घट्ट बोळा राहिलेला असतो, तो आठवणीनं काढ. बोटानं दाबून बघ. टणक मूळ जिवंत, मग रंग काहीही असो. पिचपिचीत, पोकळ झालेलं मूळ ज्योतीवर तापवलेल्या कात्रीनं काप. फुलाचा दांडा अजून असेल तर तोही काप, म्हणजे झाडाचं बळ मुळांना मिळेल. मग पारदर्शक, भोकं असलेली कुंडी घे, उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढीच, आणि पाइनच्या सालीचे जाड तुकडे भर. माती अजिबात नको. नवी मुळं दिसेपर्यंत खतही नको, कारण क्षार कोवळी टोकं जाळतात. याच कारणानं इथलं बोअरचं जड पाणी या झाडाला मानवत नाही. तुझ्याकडे पावसाचं पाणी साठवता येईल.

पाणी वाराप्रमाणे ठरवू नकोस, मुळं रुपेरी झाली की घाल. कुंडी नळाखाली धरून पूर्ण भिजव आणि निथळू दे. बशीत पाणी साचलेलं नको, पानांच्या बेचक्यातही नको. जागा उजेडाची हवी, पण दुपारचं ऊन आणि हीटरची गरम हवा दोन्ही टाळ. टेबलावर केळी-सफरचंदांची टोपली शेजारी असेल तर ती हलव. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं कळ्या गळतात.

सुधारायला महिने लागतील, आणि तेवढा वेळ त्या झाडाला द्यावाच असं मला मनापासून वाटतं. मुळं धरली आणि एखादं नवं पान आलं की फुलाचा विचार. तिथले डच बागवान झाड आधी 27-28 अंशांत वाढवतात आणि मग काही आठवडे 20 अंशांच्या आसपास ठेवून दांडा काढून घेतात. तापमान सतत 28 च्या वर राहिलं तर नुसती पानंच येतात. तू ऑक्टोबरात रात्री हीटर कमी असलेल्या खोलीत, उजेडाच्या खिडकीपाशी ते ठेव. दांडा निघाल्यावर फुलं यायला तीनेक महिने लागतात. दांड्याला काडीचा आधार दे आणि मग कुंडी सारखी फिरवू नकोस.

तू इथून रास्नाचं एखादं रोप मागितलंस, ते मात्र पाठवता येणार नाही. ऑर्किडचं सगळं कुळ साइटिस या आंतरराष्ट्रीय करारात येतं. रोप परवान्यांशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. आणि झाडावरचं ते ओरबाडून काढणं मला सहनही होणार नाही.

पानांच्या बेचक्यातून नवा कोंब आला की घाई करू नकोस. टोक गोल, गुळगुळीत असेल तर ते मूळ. चपटं, थोडं टोकदार असेल आणि वर वळत असेल तर तो फुलाचा दांडा. ओळखता आलं नाही तर जवळून फोटो काढून पाठव.

तुझी,
आत्या