घाटावरचा खलाशी

जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत मिळून आमचीं सत्तावीस वर्षें इंग्रजी शिकविण्यांत गेलीं. त्यांपैकीं निदान वीस पावसाळे तरी कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाला आम्ही वर्गांत उभा करीत आलों आहों. १७९८ सालीं प्रसिद्ध झालेली ती दीर्घ कविता शिकवितांना वाऱ्यावांचून खिळून राहिलेलें जहाज, तहानेनें सुकलेले ओठ आणि खलाशाच्या गळ्यांत अडकविलेला तो मेलेला पक्षी यांचें वर्णन आम्ही अशा आवेशानें करतों कीं, ऐकणारास वाटावें, या गृहस्थांचा अर्धा जन्म डोलकाठीच्या सावलींत गेला असावा. वस्तुस्थिति अशी आहे कीं, गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँचमध्येंसुद्धां आम्हांस मळमळतें, आणि आमची मंडळी पिशवींतून आवळासुपारी काढून आमच्या हातावर ठेवते. आमच्या समोर बसलेल्या मुलांमुलींपैकीं पुष्कळांनीं तर समुद्र पाहिलेलाच नसतो. त्यामुळें आमचें समुद्रज्ञान तपासून पाहण्याचा प्रसंग वर्गांत कधीं आला नाहीं. तो आला वर्गाबाहेर, आणि एकदां नव्हे, दोनदां.

तसें पाहिलें तर जुन्नरचें व समुद्राचें नातें आजचें नाहीं. सातवाहनांच्या काळीं कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण अजून जागेवर आहे; जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात. जवळच्या लेण्यांत नागनिका राणीचा शिलालेख आहे. जुन्नरभोंवतालच्या लेण्यांतील लेखांत तर इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांचीं नांवें दात्यांमध्यें आढळतात; त्यांतील इरिलानें पाण्याचीं दोन टांकीं दिलीं. म्हणजे समुद्रच घाट चढून आमच्याकडे येत असे. आम्ही घाट उतरलों तो फार मागाहून. आणि उतरलों तेही मुंबईच्या भाजीबाजारांत पाट्या वाहण्यास, डबे पोहोंचविण्यास, नाहीं तर गोदींत पोतीं उचलण्यास. जहाजावर चढला तो रत्नागिरीकडचा माणूस. सारंग, तांडेल, सुकाणी हे शब्द त्याच्या घरांत वडिलोपार्जित. आमचा घाटी गडी जहाजाच्या पोटांत माल भरी आणि फळीवरून पुन्हां धक्क्यावर येई.

२०११ सालीं आमचा एक माजी विद्यार्थी बापास बरोबर घेऊन एक पत्र दाखवावयास आला. मुंबईकडच्या कोणा एजंटाचें तें पत्र. परदेशी जहाजावर खलाशाची जागा, पगार डॉलरांत, कसल्याही शिक्षणाची अट नाहीं, अडीच लाख रुपये भरले कीं महिन्याभरांत रवानगी. बाप टोमॅटो पिकविणारा बागाईतदार. त्या वर्षीं त्याच्या हातांत पैसा खेळत होता. "सर, तुम्ही म्हणाल तसं," असें म्हणून त्यानें पत्र आमच्या पुढें ठेविलें. पत्राचें इंग्रजी निर्दोष होतें. कर्त्याक्रियापदांचा मेळ, विरामचिन्हें, शेवटचें अदबशीर अभिवादन, सारें जेथल्या तेथें. आम्हांस तें पाहून मोठा आनंद झाला. असें इंग्रजी अलीकडे दृष्टीस पडत नाहीं, असेंही आम्ही बोलून गेलों. बापानें तेवढेंच ऐकलें. आम्हीं व्याकरण तपासलें, आणि त्यानें तो पत्राच्या खरेपणाचा दाखला मानला.

मुलगा पर्यटकाच्या परवान्यावर आखातांतल्या एका बंदरांत पोहोंचला. तेथें एका जुनाट बोटीवर पांच महिने राबला, आणि पगाराचा एक पैसाही न पाहतां घरीं परत आला. तोंवर त्याची पंचविशी उलटली होती, म्हणून सरळ मार्गाचें दारही त्याला बंद झालें. आम्हांस त्या घरचें कोणी एका शब्दानेंही बोललें नाहीं. नारायणगांवच्या बाजारांत बाप भेटे तेव्हां पूर्वींप्रमाणेंच हात जोडी. त्यानें शिवी दिली असती तर आम्ही मान खालीं घालून ऐकून घेतली असती. हात जोडण्यावर काय उत्तर द्यावें, हें मात्र आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

दुसरा मुलगा आला तो आंबेगांव तालुक्याच्या डोंगरपट्टींतला. ज्या गांवावरून या तालुक्यास नांव पडलें तें आंबेगांव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पोटांत गेलेलें आहे. कचेऱ्या घोडेगांवास, मोठा बाजार मंचरास, आणि नांवाचें गांव पाण्याखालीं, अशी आमच्या तालुक्याची स्थिति आहे. या धरणांत ज्यांचीं भातखाचरें बुडालीं त्यांत महादेव कोळी पुष्कळ. समुद्रकांठच्या कोळ्यांशीं त्यांचें साम्य नांवापुरतें. हीं डोंगरांतलीं माणसें, नागली आणि भात पिकविणारीं. पण जमीन गेली आणि अंगणापुढें अथांग पाणी आलें, तेव्हां त्यांतल्या कांहींनीं होडी वल्हवावयास व खोल पाण्यांत जाळें सोडावयास शिकून घेतलें. पुढें मच्छीमारांची सहकारी संस्थाही काढली. अशाच एका घरचा हा मुलगा. होडींत वाढलेला, अंगानें काटक, आणि वर्गांत शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारा.

बाप म्हणाला, "सर, पोरगं दर्यावर जायचं म्हनतंय. एजंट चार लाख मागतोय. बैल इकतो, हिचं डागिनं मोडतो. पन तुमी एकडाव कागुद वाचा."

या खेपेस आम्हीं पत्राच्या इंग्रजीकडे पाहिलें नाहीं. (तें वाईटही होतें.) आम्हीं परवान्याचा क्रमांक शोधला. खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेस २००५ सालापासून नौवहन महानिदेशालयाचा परवाना घ्यावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहतां येते. पत्रावर क्रमांक छापलेला होता. यादींत तो नव्हता. शिवाय नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसा घेतां येत नाहीं, हें २००६ च्या सागरी श्रमविषयक आंतरराष्ट्रीय करारांत स्पष्ट लिहिलें असून भारतानें त्या करारास २०१५ सालीं मान्यता दिली आहे. वैद्यकीय दाखला, खलाशाची पुस्तिका आणि पारपत्र, एवढ्यांचा खर्च काय तो त्यानें सोसावयाचा. तेव्हां चार लाखांचें नांव निघालें त्याच क्षणीं प्रकरणाचा निकाल लागला होता. परवान्याचा नियम २०११ सालींही होताच. आम्हीं विचारलें नव्हतें इतकेंच.

मुलाला आम्हीं त्या पहिल्या विद्यार्थ्याकडे धाडलें. तो आतां पिकअप गाडींतून लोकांचा भाजीपाला मुंबईस नेतो. त्यानें मुलाला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसवून घेतलें. काय बोलणें झालें तें आम्हीं विचारलें नाहीं. एवढें खरें कीं, त्या संध्याकाळीं बापलेकांनीं एजंटाचें पत्र आमच्याकडेच राहूं दिलें.

सरळ मार्ग लांबचा निघाला. अधिकारी होण्यासाठीं बारावीस भौतिक, रसायन व गणित लागतें, आणि वर प्रवेशपरीक्षा. आमचा मुलगा कलाशाखेचा. त्याला मोकळा होता तो साध्या खलाशाचा मार्ग, ज्यास 'जनरल पर्पज रेटिंग' असें भारदस्त नांव आहे. पडेल तें काम करणारा, असा त्याचा अर्थ निघतो आणि तो खोटा नाहीं. वय साडेसतरा ते पंचवीस. दहावींत शास्त्र, गणित व इंग्रजी. आणि इंग्रजींत शेंकडा चाळीस गुण. मुलाला बेचाळीस होते. आमच्या विषयानें आजवर पुष्कळांची वाट अडविली. या मुलास त्यानें दोन गुणांच्या फटींतून आंत सोडलें.

डोळ्यांच्या परीक्षेची धास्ती आम्हांसच अधिक होती. जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा दिवा असतो आणि उजव्या अंगास हिरवा. रात्रीं दुरून त्यांतला कोणता दिसतो यावरून समोरचें जहाज कोणत्या बाजूस चाललें आहे तें ओळखावयाचें. ज्याला तांबडें-हिरवें वेगळें दिसत नाहीं त्याला पहाऱ्यावर उभें करणें म्हणजे दोन्ही जहाजांचा घात. ज्या कवितेवर आम्हीं वीस वर्षें व्याख्यानें झोडलीं तींत रंगांची रेलचेल आहे, पण हा साधा विचार आमच्या मनांत कधीं आला नव्हता. डॉक्टरांनीं मुलास पास केलें.

अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, संस्थेंत राहून करावयाचा. दोरखंडाच्या गांठी, रंगकाम, इंजिनखोलींतलीं कामें. शिवाय पाण्यांत जीव कसा वांचवावा, आग कशी विझवावी, प्रथमोपचार, आणि जहाजावर माणसानें माणसाशीं कसें वागावें. कोणास वाटेल, हें शिक्षण समुद्रकांठींच मिळत असेल. पण समुद्र नसलेल्या आमच्या पुणें जिल्ह्यांतच इंदुरीस, लोणावळ्याजवळ आणि लोणी काळभोरास जहाजांवरचे अधिकारी व अभियंते घडविणाऱ्या संस्था आहेत. सोलापुरास तरी समुद्र कोठें आहे? तेथल्या वालचंद हिराचंदांनीं ज्या सिंदिया कंपनीच्या उभारणींत पुढाकार घेतला, तिची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनास निघाली, म्हणून तर आपण तो दिवस राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतों.

शुल्काचा आंकडा लाखांत होता. बैल विकूं नका, असें आम्हींच सांगितलेलें, तेव्हां पतसंस्थेच्या कर्जास जामीन राहणें आम्हांस भाग होतें. सही करून घरीं आलों तों आमची मंडळी म्हणाली, "अहो, त्या कवितेतल्या खलाशाला इतकी वर्षं ओळखता, त्याला कधी जामीन राहिला होतात का?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

अभ्यासक्रम संपला, परीक्षा झाली, खलाशाची पुस्तिका हातीं आली. आणि मग कांहींच झालें नाहीं. ही गोष्ट या धंद्याविषयीं बोलणारे सहसा सांगत नाहींत. पुस्तिका म्हणजे जहाज नव्हे. कंपन्यांस अनुभवी माणूस हवा असतो, आणि अनुभव जहाजावांचून मिळत नाहीं. मुलगा परवानाधारक संस्थांच्या कचेऱ्यांत अर्ज घेऊन हिंडे. रात्रीं मुंबईस डबेवाल्या चुलत्याच्या खोलींत झोपे. असे अकरा महिने गेले. हप्ते थकूं लागले. त्यांतच शेजारच्या वाडींतला एक मुलगा, त्याच एजंटास पैसे भरून, दुबईहून आपलें छायाचित्र पाठविता झाला. पाठीमागें उंच इमारती, डोळ्यांवर काळा चष्मा. बापानें तें आम्हांस दाखविलें आणि कांहीं न बोलतां परत खिशांत ठेविलें. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. नियमांत आम्हीं कोठें चुकलों नव्हतों. पण माणसें नियमांवर जेवत नाहींत. एजंटाचा रस्ता खोटा होता, तरी तो कोठें तरी जात होता. आमचा रस्ता खरा, आणि मुलगा भायखळ्यास बसून!

गेल्या वर्षीं कार्तिकांत बोलावणें आलें. कोळसा व धान्य वाहणाऱ्या एका मोठ्या जहाजावर शिकाऊ खलाशी म्हणून तो रुजू झाला. किनारा जवळ आला आणि फोनला जाळें मिळालें कीं निरोप येतो. दिवसभर लोखंडावरचा गंज खरवडावयाचा आणि त्यावर रंग द्यावयाचा. एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकास पोहोंचेपर्यंत पहिल्या टोंकास पुन्हां गंज. पहिले आठ दिवस उलट्या झाल्या. चोवीस तासांत दहा तास विसांवा मिळाला पाहिजे असा नियम आहे. तो मिळतो काय, असें आम्हीं मुद्दाम विचारलें. बंदरांत मिळत नाहीं, एरव्हीं मिळतो, असें त्यानें कळविलें. कामावरचा त्याचा वरिष्ठ रत्नागिरीकडचा आहे. तो याला 'घाटी' म्हणून हाक मारतो आणि रात्रीच्या पहाऱ्याला शेजारीं उभा करून दिवे ओळखावयास शिकवितो.

मागल्या रविवारीं आम्ही त्याच्या घरीं गेलों होतों. बाप ओसरीवर जाळें सांधीत बसला होता. तेवढ्यांत फोन वाजला. मुलगा कोठल्या तरी बंदराबाहेर नांगर टाकून होता. पगाराविषयीं, जेवणाविषयीं बोलणें झालें, मग त्यानें विचारलें, "आबा, धरणाचं पाणी कुठवर उतरलंय?"

"थांब," असें म्हणून बापानें फोन आमच्या हातांत दिला, आणि पाहून येण्यासाठीं तो उतारावरून खालीं चालूं लागला.